कोरा पेपर कोणी सोडवला?

१

श्वेताताई ओरडली तेव्हा मी ओट्याशी चटणीला फोडणी घालत होते. कढीपत्ता तडतडत होता, तरीही ऐकू आलं. म्हणजे बघा केवढ्यानं ओरडली असेल.

"कोणी सोडवला? माझा पेपर कोणी सोडवला?"

मी चमचा हातात घेऊनच बाहेर पळाले. जेवणाच्या टेबलाभोवती चार लॅपटॉप उघडे होते, दर रविवारी असतात तसे. तिघं बसलेले, श्वेताताई उभी. तिच्या स्क्रीनवर जिथं 'सुरू करा' असं बटण असायला पाहिजे होतं, तिथं आकडा होता. सहाशे पंचेचाळीस.

"मी हात नाही लावला याला. आईची शप्पथ," श्वेताताई म्हणाली. "जपून ठेवला होता मी. काहून कोणी असं करून राहिलं?"

ती नागपूरची आहे. एरवी ऑफिसातलं इंग्रजी-मराठी बोलते, रडायला आली की नागपूर बाहेर पडतं.

ही चौघं, म्हणजे श्वेताताई, अद्वैत, सूर्यकांत सर आणि अक्का, जीमॅट देणारी. जीमॅट म्हणजे एमबीएला जायची परीक्षा, तिचे मार्क इथली काही मोठी कॉलेजं धरतात आणि परदेशातलीही. आठवडाभर ऑफिस, आणि रविवारी सकाळी अक्काच्या जे. पी. नगरच्या फ्लॅटवर एकत्र बसून, घड्याळ लावून, सरावाचा पेपर. परीक्षा घेणारेच असे पेपर देतात, पण मोजके. आणि पेपर एकदा सोडवला की मेला. परत सोडवलात तर प्रश्न ओळखीचे निघतात, मार्क फुगतात, आणि तुम्हाला उगाच वाटतं आपण हुशार झालो. म्हणून शेवटचा एक पेपर सगळे कोरा राखून ठेवतात. श्वेताताईची परीक्षा येत्या शनिवारी होती. आज हा कोरा पेपर सोडवून ती ठरवणार होती, परीक्षा द्यायची की पुढं ढकलायची.

आणि आकड्याखालची तारीख-वेळ सांगत होती, कोणीतरी तो शुक्रवारी पहाटेच सोडवून टाकला होता. तिच्या खात्यातून, तिच्याच नावावर.

"कोणी काय कोणी?" अद्वैत खुर्चीतून मागं वळला आणि त्यानं बोट केलं. "ही काय, चमचा घेऊन उभी आहे ना समोर."

बोट माझ्याकडं होतं.

२

"तोंड सांभाळ हं," मी म्हणाले. चमच्यातलं तेल अद्वैतच्या नोट्सवर ठिबकलं. ते मी मुद्दाम नव्हतं केलं. पण वाईटही वाटलं नाही.

"बघा! बघा हिला! ठकुबाईचं आधीपासून आमच्या परीक्षेशी वाकडं आहे. मागच्या वेळी माझा पेपर चालू असताना मिक्सर लावला हिनं!"

"मग खोबरं काय तुझ्या डोक्यावर वाटू?"

"ठके." अक्का एवढंच म्हणाली, आणि मी गप्प बसले.

अक्का म्हणजे धनलक्ष्मी, माझी चुलत बहीण. आम्ही निपाणीचे. ती इंदिरानगरला एका विमा कंपनीत बसते आणि लोकांनी लावलेल्या दाव्यांमधले खोटे हुडकते. मी तिला फोनवर काम करताना ऐकलंय. आवाज चढवत नाही, धमकी देत नाही. "सरी सरी, स्वल्प परत सांगा की," असं अर्ध्या कानडीत म्हणून ऐकत राहते, आणि पलीकडचा माणूस बोलता बोलता आपणच अडकतो. माझ्यासारखी माणसं भिंतीवर डोकं आपटून भिंत पाडायला बघतात. अक्का दार कुठं आहे ते विचारते.

ठकुबाई हे माझ्या आजीचं नाव. ते मला चिकटवलंय, त्याचा राग वेगळा.

आता मुद्द्याचं सांगते. मी अकरावी सोडली तेव्हा आप्पाजी, म्हणजे माझे वडील, मला घरातून बाहेर सोडायला तयार नव्हते. अक्कानं मला मागून घेतलं. आता मी बनशंकरीत एका गॅरेजात स्कूटर दुरुस्ती शिकते. हातांचा वास जात नाही, नखं काळी झालीत, आणि पहिल्यांदाच सकाळी उठून कुठंतरी जावंसं वाटतंय. पण आप्पाजींची अट आहे. माझ्याविरुद्ध तक्रार आली की त्याच दिवशीच्या बसनं निपाणीला. मग गॅरेज संपलं. आप्पाजी दर रविवारी जेवणाच्या वेळी फोन करतात आणि पहिला शब्द विचारतात, "तक्रार?"

अक्का आप्पाजींशी खोटं बोलत नाही. कधीच नाही. त्यामुळंच तर त्यांनी मला पाठवलं.

"अक्का," अद्वैत म्हणाला, "मी सॉलिड सीरियसली बोलतोय. आज तिचा पेपर, उद्या आणखी कोणाचा. ही इथं राहणार असेल तर मी येणार नाही. हिच्या आप्पाजींना सांग, नाहीतर मी सांगतो."

"एक वाजता फोन येईल त्यांचा," अक्का म्हणाली. "तोवर मला वेळ दे. एक वाजता मला जे कळलेलं असेल ते मी सांगीन. ठकूनं केलं असेल तर तेही."

 मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती, श्वेताताईच्या स्क्रीनकडं बघत होती.

तेवढ्यात दाराशी उभा असलेला शंतनुदादा पुढं आला. हा श्वेताताईचा नवरा, पुण्याचा. दर रविवारी बायकोला सोडतो आणि खालच्या दर्शिनी हॉटेलात कॉफी पीत बसतो. आज का थांबला होता कोण जाणे. मघापासून जो तो 'कोणी, कोणी' करत होता. शंतनुदादानं मान लांब केली आणि विचारलं,

"किती पडलेत?"

३

अक्कानं एकेकाला स्वयंपाकघरात बोलावलं. मी तिथंच होते, कारण चटणी माझी होती.

आधी अद्वैत आला. मुंबईचा, पंचवीसचा, आणि खोलीत सगळ्यात हुशार आपणच असं समजणारा. वाईट म्हणजे बऱ्याचदा तो खरंच असतो.

"गुरुवारी तू तिच्याकडं तो पेपर मागितलास," अक्का म्हणाली.

"मागितला. माझे सगळे संपलेत यार. म्हटलं, मी बघतो, तू नंतर बघ. नाही म्हणाली, विषय संपला."

"पासवर्ड होता तुझ्याकडं."

"सगळ्यांकडं आहे! सूर्यकांत सरांनी ग्रुपवर टाकायला लावलेत, चुका तपासायला. अक्का, विचार कर ना. मी चोरून सोडवला असता तर सहाशे पंचेचाळीस? मला सातशे पाचच्या खाली पडत नाहीत."

"मागच्या रविवारी पडले," मी म्हणाले.

"तू मिक्सर लावला होतास!"

"पहाटे कुठं होतास?" अक्कानं विचारलं.

"झोपलो होतो. शुक्रवारी पहाटे माणूस काय करणार?"

सगळ्यांचं तेच. पहाटे सगळे झोपलेले, आणि झोपेला साक्षीदार कुठून आणायचा?

मग सूर्यकांत सर आले. चाळिशीला टेकलेले, सगळ्यांत मोठे, आणि ही त्यांची तिसरी खेप. स्वतःचं काही जमो न जमो, बाकीच्यांच्या चुका रात्ररात्र तपासत बसतात. मला ते आवडतात. त्या दिवशी बारापर्यंत आवडत होते.

"धनलक्ष्मी, मी सगळ्यांची खाती उघडून बघतो, ते खरं आहे," सर म्हणाले. "पण कोरा पेपर सुरू करणं? छे छे. ते म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं. आणि एक सांगू? या पोरीवर आळ घेणं मला पटलेलं नाही."

मला बरं वाटलं.

"अहो, साधी गोष्ट आहे," सर बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाले. "सहाशे पंचेचाळीस आहेत! अकरावी सोडलेल्या मुलीला ते शक्य तरी आहे का? तिनं तुक्के मारले असते तर दोनशेच्या आसपास राहिली असती. विषयच मिटला."

बाहेरून अद्वैतचा आवाज आला. "हां, ते पॉइंट आहे. सॉरी हं ठकू, चुकलंच माझं. तुझ्याच्यानं होणार नाही ते."

श्वेताताईही म्हणाली, "हो ना. ती कुठून करणार?"

सुटले होते मी. पण अशी कानशिलं तापली की काय सांगू. तुम्हाला चोर म्हणावं, आणि मग म्हणावं, जा, तुझी चोर व्हायचीही लायकी नाही! मी बत्ता उचलला, कुटायला काही नव्हतं तरी.

"थांबा," अक्का म्हणाली. तिचा आवाज तसाच, खालच्या पट्टीतला. "सर, हा पुरावा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ठकू अजून संशयितांत आहे."

४

बाकीचे बाहेर गेल्यावर मी अक्काचा हात धरला. "तू कुणाच्या बाजूनं आहेस? सगळे सोडायलेत आणि तू धरायलीस? तासाभरात आप्पाजींचा फोन येईल!"

"तुला पेपर सोडवता आला नसता असं कोण म्हणतंय? तू कधी बसलीस त्या पेपरला?"

"नाही."

"मग कुणाला काय माहीत? पुरेसं नाही ते, ठके."

पुरेसं. हा तिचा शब्द. जीमॅटमध्ये एका जातीचे प्रश्न असतात. प्रश्न देतात, आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायचंच नसतं. या माहितीवरून उत्तर निघू शकेल की नाही, पुरेशी आहे की नाही, एवढंच सांगायचं. बाकीचे त्या प्रश्नांत बुडतात, कारण उत्तर काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अक्काला ते प्रश्न गुळासारखे. ती दोन ओळी वाचते, डोळे मिटते आणि म्हणते, पुरेसं. किंवा, नाही पुरेसं. आणि पुढं जाते.

"तुझे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "भांडायच्या आधी काय बघितलंस ते सांग."

मी आठवलं. "शंतनुदादा. सगळे विचारत होते, कोणी. त्यानं विचारलं, किती."

अक्कानं मान हलवली. "हं. पण तेवढंच पुरेसं नाही."

ती बाहेर गेली, श्वेताताईची परवानगी घेतली आणि त्या पेपरचा अहवाल उघडला. मीही खांद्यावरून वाकून बघत होते. कुठल्या प्रश्नाला किती वेळ लागला, काय बरोबर, काय चूक, सगळं त्यात येतं.

परीक्षेचे तीन भाग असतात. गणित, भाषा, आणि तक्ते-आकडेवारी. कुठला भाग आधी घ्यायचा ते देणाऱ्यानं ठरवायचं. आमच्याकडं सगळे गणित आधी घेतात, कारण डोकं ताजं असताना गणित, हा सूर्यकांत सरांचा नियम. या पेपरात आधी भाषा होती, मग तक्ते, गणित शेवटी.

आणि दुसरं. तिन्ही भागांत शेवटचे काही प्रश्न रिकामे होते. चुकलेले नाहीत. रिकामे. त्याच्या आधीच्या एखाद्या अवघड प्रश्नावर मात्र वेळच वेळ गेलेला.

हे बघून मला हसू आलं, कारण रिकामं सोडणं हे आमच्या टेबलावरचं महापाप आहे. जीमॅटमध्ये चुकीच्या उत्तरापेक्षा न दिलेलं उत्तर महाग पडतं. म्हणून वेळ संपत आली की काहीतरी दाबायचं, पण रिकामं ठेवायचं नाही. घड्याळ सांभाळायचं काम माझं आहे. शेवटचं मिनिट लागलं की मी "भरा!" म्हणून असं ओरडते की खालच्या मजल्यावरच्या मामी वर येऊन विचारतात, "एनायतु? काय झालं?" आणि हे चौघं पटापट बटणं दाबतात.

अक्का लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली, "सगळ्यांना एक विचारते. ज्यानं सोडवलाय त्यानं प्रत्येक भागात शेवटचे प्रश्न रिकामे सोडलेत. का सोडले असतील?"

"येडा आहे," अद्वैत म्हणाला. "रिकामं कोण सोडतं?"

"ओरडायला ठकू नसेल," सूर्यकांत सर म्हणाले. "वेळेचं भान राहिलं नसेल. पण शेवटी निदान दाबायचं तरी!"

श्वेताताई नाक पुसत म्हणाली, "मी तर झोपेतही रिकामं सोडणार नाही. कानात हिचा आवाज येते."

खिडकीजवळ शंतनुदादा वर्तमानपत्र चाळत उभा होता. मघाशीच तो म्हणाला होता, मला या परीक्षांमधलं काही कळत नाही. तो मान वर न करता बोलला, अगदी सहज, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं.

"त्यात काय एवढं? येत नसेल तर सोडायचंच ना. उगाच चुकीचं टिक करून हातातले मार्क कशाला घालवायचे?"

अक्कानं वरही बघितलं नाही. तिनं लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

५

"बसा सगळे," अक्का म्हणाली. "शंतनु, तुम्हीही या."

एक वाजायला थोडाच वेळ राहिला होता. माझं लक्ष टेबलावरच्या अक्काच्या फोनवर होतं.

"आधी ठकूचं," ती म्हणाली. "सर म्हणाले, तिला इतके मार्क पडणार नाहीत. ते मी बाजूला ठेवलंय, कारण ते कुणालाच माहीत नाही. पण रिकामे प्रश्न बघा. ठकू दर रविवारी त्या एकाच गोष्टीसाठी घसा फोडते. तिनं हा पेपर उघडला असता तर निम्मे प्रश्न न वाचता दाबले असते, पण एक रिकामा सोडला नसता. गप्प बसणं, न दाबणं, वाट बघणं, यातलं तिला काय जमतं?"

"काहीच नाही," अद्वैत म्हणाला.

"तू बोलू नकोस," मी म्हणाले.

"म्हणजे ठकू नाही. त्याच कारणानं अद्वैत नाही, सर नाहीत. तुम्ही सगळे इतके महिने या टेबलाशी बसलात. हात आपोआप जातो. म्हणून मला वाटतं, ज्यानं सोडवला तो या टेबलाशी कधी बसलेलाच नाही."

 शंतनुदादानं वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्याच घडीची आणखी एक घडी घातली.

"आता क्रम," अक्का म्हणाली. "सर, आधी भाषा, मग तक्ते, मग गणित. कुठं बघितलाय हा क्रम?"

सूर्यकांत सरांनी कपाळावर हात मारला. "अगं, कॅट! इथल्या एमबीए कॉलेजांची परीक्षा, तिच्यात हाच क्रम! आमच्या वेळी कागदावर होती, कुठूनही सुरू करा. पण हल्ली संगणकावर क्रम ठरलेला, बदलताच येत नाही. आणि कॅटमध्ये चुकलं की मार्क कापतात. म्हणून..." सर थांबले.

"म्हणून येत नसेल ते सोडायचं," अक्कानं वाक्य पुरं केलं. "त्या माणसाला इथं क्रम निवडायला मिळाला, आणि त्यानं सवयीचा निवडला. एखाद्या प्रश्नावर अडला, तर तुक्का मारून पुढं जायला हात धजला नाही. बसून राहिला, वेळ संपला. आळशी माणूस नाही तो. शिस्तीचा आहे. फक्त शिस्त दुसऱ्या परीक्षेची आहे. आणि रिकामे सोडूनही सहाशे पंचेचाळीस. मी दोन वर्षं घासतेय, मला माहीत आहे ते काय असतं."

हे तिनं इतकं मनापासून म्हटलं की मला वाटलं, चोराला पकडायलीय की शाल-नारळ द्यायलीय?

"शेवटचं ठकूनं टिपलं. सगळ्यांनी विचारलं, कोणी. एकानं विचारलं, किती. पेपर पुरा झाला की आकडा समोर येतो. ज्यानं सोडवला त्याला तो बघायला मिळाला नसावा. कोणीतरी उठलं असेल, लॅपटॉप घाईत मिटावा लागला असेल. तेव्हापासून तो आकडा त्याला खात असणार."

श्वेताताईचा चेहरा पांढरा पडत गेला. तिला कळायला लागलं होतं. अद्वैतनं तोंड उघडलं, मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.

तिच्या जागी मी असते तर नाव घेतलं असतं. उभी राहून, बोट करून, खालच्या मामींना ऐकू जाईल असं. अक्कानं फक्त दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"माहिती पुरेशी आहे," ती म्हणाली. "माझं काम तेवढंच. उत्तर मी काढणार नाही."

पंखा फिरत होता. खाली दर्शिनीत कोणीतरी कॉफीचे पेले आपटत होतं. 

"मी," शंतनुदादा म्हणाला.

६

"उघडा होता लॅपटॉप," तो श्वेताताईशी बोलत होता, पण बघत होता टेबलाकडं. "पाणी प्यायला उठलो होतो. बटण दिसलं. म्हटलं, झोप लागेपर्यंत दोन प्रश्न बघू. सरावाचा आहे, परत देता येत असेल. मला खरंच माहीत नव्हतं गं की एकदाच. मग काल तू आईला फोनवर सांगत होतीस, उद्या माझा कोरा पेपर. मला घाम फुटला. सांगताच येईना. आज म्हणून थांबलो इथं, की निदान तू उघडशील तेव्हा... आणि मग या मुलीचं नाव आलं तरी मी गप्प बसलो." तो माझ्याकडं वळला. "ठकू, त्याला माफी नाही. तुला जायला लागलं असतं तर मी बोललो असतो, असं म्हणावंसं वाटतं. पण मला खात्री नाही."

मला त्याला बरंच काही ऐकवायचं होतं. पण इतकं खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं ते मला माहीत नाही.

"कॅट कधी दिलीस?" श्वेताताईनं विचारलं.

"लग्नाच्या आधी. मुलाखतीचा कॉलही आला होता. त्याच आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. नोकरी धरली. संपलं."

"मला कधी बोलला नाहीस. वर म्हणत होतास, एमबीए म्हणजे खूळ."

"मला ते खूळच वाटायला हवं होतं."

श्वेताताईनं मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला. तिचा पेपर गेला होता, तो परत येणार नव्हता. मला वाटलं आता रडेल, नाहीतर चप्पल घालून निघून जाईल. तिनं विचारलं,

"आवडला का?"

"काय?"

"पेपर रे. आवडला का तुला?"

शंतनुदादानं पहिल्यांदा मान वर केली. "तक्त्यांचा भाग आहे ना," तो म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला, "त्यात एक प्रश्न होता, तीन गोदामं आणि..." मग त्याला आपण काय बोलतोय ते कळलं आणि तो गप्प झाला.

"माझ्यापेक्षा दहा मार्क जास्त पाडलेस, नालायका," श्वेताताई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती, दोन्ही एकदम.

"भाई," अद्वैत राहवेना म्हणून बोललाच, "तयारी न करता? रिकामे सोडून? सर, हे भरले असते तर किती झाले असते?"

सूर्यकांत सरांनी कागद ओढलाही होता.

"हिशोब नंतर," श्वेताताईनं डोळे पुसले. "शनिवारी मी देतेय परीक्षा. पेपर गेला, अभ्यास तर नाही ना गेला? आणि तू," तिनं नवऱ्याकडं बोट केलं, "पुढच्या रविवारी खाली कॉफी पीत बसलास तर बघ."

मी तोवर अक्काला स्वयंपाकघरात गाठलं होतं. आता सगळं मिटलं होतं, म्हणून मला भांडायचं होतं.

"सर म्हणाले तेव्हाच सोडायचं होतंस मला! सगळे हो म्हणत होते. उगाच माझं रक्त आटवलंस!"

"त्या वाटेनं तुला सोडवायचं म्हणजे आधी तुला मठ्ठ म्हणायला लागलं असतं," अक्का पोळपाट काढत म्हणाली. "चारचौघांत. मी नाही म्हणणार."

"पण तो कबूलच झाला नसता तर? आणि तेवढ्यात फोन आला असता तर?"

"तर मी सांगितलं असतं, अजून कळलेलं नाही. तेवढंच खरं होतं."

"म्हणजे घालवलं असतंस मला!"

"घालवलं नसतं. तुझ्याबरोबर बसमध्ये बसून आले असते, आणि आप्पाजींसमोर बसून शोधलं असतं."

हे ऐकून मला अजूनच राग आला. ही बाई अशी आहे. तिच्याशी जिंकता येत नाही, आणि हरल्यासारखंही वाटत नाही. तरी मी काहीतरी बोलतच होते, पोळपाटाबद्दल असेल, तेवढ्यात फोन वाजला. अक्काचे हात पिठाचे होते. तिनं कोपरानं बटण दाबलं आणि फोन ओट्यावरच ठेवला.

"तक्रार?" आप्पाजींचा आवाज आला.

"आली होती," अक्का म्हणाली.

मी फोनकडं झेपावले, अक्कानं मला कोपरानंच अडवलं. 

"खोटी निघाली. मी स्वतः तपासली."

"तू तपासलीस?"

"हो."

"मग झालं." आप्पाजी खाकरले. "आत्ता काय करायलीय ती?"

"भांडायलीय."

"कुणाशी?"

"माझ्याशी."

"मग बरी आहे," आप्पाजी म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.